परवीनच्या पायातले इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. स्वतःबद्दल सांगायची मला हौस नाही. सांधे कुरकुरतात, पट्टा सैल झाला आहे, आणि दुपारची एवढीच काय ती उसंत. तेव्हा थोडक्यात सांगते.

साताऱ्यात माझ्या मालकिणीच्या, परवीनच्या अब्बांनी माझ्यावर वीस वर्षे फौजी लोकांचे कपडे शिवले. कापड इतके जाड की सुया मोडायच्या, मी नाही. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, मशीन लय दणकट हाय." ऐकून बरे वाटायचे. मग परवीनच्या लग्नात मला तिच्याबरोबर सांगलीला, विश्रामबागेत पाठवले. तिथे ब्लाउज, फॉल, शाळेचे गणवेश. कौतुक संपले आणि काम वाढले.

परवीन चाळिशीला आली तेव्हा जवळच्या शिवणवर्गात शिक्षिकेची जागा निघाली. शिवणात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, पण अट होती दहावी पास. आणि इंग्रजीत ती दोनदा नापास झालेली. वर्गाच्या चालक बाईंनी जूनपर्यंत जागा धरून ठेवायचे कबूल केले. म्हणजे मार्चचा एकच पेपर हाती होता.

शेजारच्या विजयमालाबाई निवृत्त शिक्षिका. त्या रोज दुपारी शिकवायला येऊ लागल्या. सगळे घोडे अडले ते 'टेक' या एका क्रियापदापाशी.

"आवं बाई, माप घ्यायचं तरी टेक, गोळी खायची तरी टेक, आन येळ लागतो तरी टेकच?" परवीन वैतागली.

"तुझी कात्री तरी सगळ्याला एकच हाय की," बाई म्हणाल्या. "कापड बघून धरतीस नव्हं? तसंच वाक्य बघायचं."

अर्थ कळला, पण भूतकाळ काही डोक्यात राहीना. शेवटी तिने तो माझ्या पायडलवर चढवला. पाय खाली गेला की टेक, वर आला की टुक, पुन्हा खाली की टेकन. आय टेक मेजरमेंट, आय टुक मेजरमेंट. चार महिने हेच. मला त्या शब्दांचा वीट आला.

तिचा नवरा रसूल मनाने चांगला. तिचे पाय सुजतात म्हणून त्याने मला बसवायला मोटर आणली. मी मनातून सुखावले. परवीनने ती खोक्यातच ठेवायला लावली.

"मोटर लागली की पाय थांबल," ती म्हणाली, "आन पाय थांबला की टुक बी जाईल. पेपर हू द्या."

पेपर झाला. घरी आली ती तशीच माझ्यापुढच्या स्टुलावर बसली आणि बाईंना सांगू लागली. "कालच्या दिवसाची हकिगत लिवायची हुती. टेकच्या फुडं काय ते आठवंना. मग पाय आपसूक हालाय लागला. बाक करकरला तसं सर आलं. म्हणालं, काय चाललंय? मी म्हटलं, मशीन चालवतीय, सर."

"मग?"

"सर हसलं. म्हणालं, हळू चालवा. आन मी टुक लिवलं, बाई."

निकाल लागला. पस्तीस लागत होते, अडतीस मिळाले. पहिला पेढा तिने माझ्या फळीवर ठेवला. दोन दिवस मुंग्यांनी छळले, पण खोटे कशाला बोलू, मला भरून आले होते.

आता ती वर्गावर शिकवते. तिथे सगळ्या मोटरच्या मशीन आहेत. मला वाटले, सुटले एकदाची. पण मोटर अजून खोक्यातच आहे. काल ती घरी आली, सुई हलू नये म्हणून माझा पट्टा उतरवला, पायडलवर पाय ठेवला आणि मांडीवर बारावीचे इंग्रजीचे पुस्तक उघडले.

मित्रांनो, उशिरा शिकणाऱ्याला हसू नका. आणि जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी तिच्या आधाराने कोण काय शिकले, ते एकदा विचारा. मी फार थकले आहे, पण तिचा पाय पडला की मला थांबवत नाही. तेवढे दोन थेंब तेल घाला. बारावीच्या परीक्षेला अजून दोन वर्षे आहेत.