झाकणाच्या रबरातली चीर

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, पण स्वयंपाकघर मी जन्मात पाहिलेलं नाही. कारखान्यात माझ्याबरोबर बांधले गेलेले माझे भाऊ घरोघरी गेले. मी मात्र आलो एका लहानशा प्रयोगशाळेत. पांढरी फरशी, दोन बेसिन, एक फ्रीजर आणि नमुने आत घ्यायची एक सरकती खिडकी. त्या खिडकीला लागूनच माझं टेबल आहे. त्यामुळे कोण येतं, कोण काय बोलतं, सगळं मला ऐकू येतं. ऐकू येत नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आमच्याकडे समुद्रातून येणाऱ्या खाण्याच्या वस्तू तपासतात. कोळंबी, मासे आणि खाण्याचं समुद्रशेवाळ. कोळंबी आजारी पडू नये म्हणून काही लोक तळ्यात अँटिबायोटिक औषधं ओततात. ते औषध पाण्यातून शेवाळातही उतरू शकतं. मग ते आपल्या पोटात जातं, आणि आपण खरोखर आजारी पडतो तेव्हा तेच औषध लागू पडेनासं होतं. म्हणून काही औषधांना सक्त मनाई आहे. त्यात थोडं चालेल, जास्त नको, असा हिशेबच नाही. सापडलं की माल बाद.

नमुना आधी माझ्याकडे यायचा. मी वाटायचो, मग पुढची मोठी यंत्रं त्यातून औषधाचा अंश शोधायची. त्या यंत्रांचा काय तोरा! पण मी बारीक वाटलं नाही तर त्यांचं काही चालत नसे. तपासणाऱ्या मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, “आमचा हा म्हातारा आहे ना, याच्यासारखं कुणी वाटत नाही. आणि धुवायला किती सोपा!” झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर!

आणि मग माझ्या झाकणाच्या रबराला चीर पडली.

नखाएवढी होती, आतल्या बाजूला. धुणाऱ्या मावशी प्रत्येक भांडं गरम पाण्यानं घासायच्या, पण ती चीर ओठ मिटल्यासारखी मिटून राहायची. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. मी थोडा सैल बसलो असतो तर झाकणातून दोन थेंब टेबलावर पडले असते आणि मावशींनी रबर बदललं असतं. पण माझ्याआधी या टेबलावर एक मिक्सर होता. तो गळायला लागला, आणि त्याच आठवड्यात भंगारात गेला. त्याची गोष्ट मी ऐकून होतो. मी घाबरलो. झाकण घट्ट आवळून धरलं आणि मूग गिळून गप्प बसलो.

त्या दिवशी सकाळी लांबून आलेली कोळंबी वाटली. तिच्यात मनाई असलेलं औषध ठासून भरलं होतं, हे मागाहून कळलं. तासाभरानं खिडकीशी बहीणभाऊ आले. बहीण खाडीत दोरांवर शेवाळ लावायची. भावाचं कोळंबीचं तळं त्याच खाडीच्या काठावर होतं. बर्फात ठेवलेली पिशवी बहिणीनं दोन्ही हातांनी आत दिली.

“जपून हं मॅडम,” भाऊ हसत म्हणाला. “हिचं पहिलं पीक आहे. वाकडं काही निघालं तर ही आपल्या दोघांनाही दोराला बांधेल.”

“तू गप रे दादा!” बहीण म्हणाली, पण तीही हसत होती.

आमच्याकडे एक नियम होता. कोळंबीनंतर शेवाळ वाटायचं असेल, तर आधी बरणीतलं खात्रीचं स्वच्छ शेवाळ वाटून तपासायचं. त्यात काही निघालं तर दोष भांड्याचा. त्या दिवशी बरणी रिकामी होती. मॅडमनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. “असू दे. हा स्वच्छच असतो,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा तरी मी गळायला हवं होतं! मी नाही गळलो. मी गुणगुणत वाटलं.

चार दिवसांनी दोघं अहवाल न्यायला आले. शेवाळात मनाई असलेलं औषध निघालं होतं. बहिणीनं कागद वाचला, पुन्हा वाचला.

“दादा, तळ्यात काय ओतलंस?”

“काही नाही गं. तुझी शप्पथ.”

“माझी शप्पथ घेऊ नकोस!”

“अगं, मी कशाला असं करीन? माझ्या तळ्याचं पाणी तुझ्याच दोरांकडे जातं, मला माहीत नाही का?”

“तेच म्हणतेय मी. तुला माहीत होतं.”

मॅडमनी मध्येच विचारलं, “राखून ठेवलेल्या पुडीची फेरतपासणी करायची का?” प्रत्येक नमुन्यातली एक पुडी न वाटता फ्रीजरमध्ये ठेवलेली असते. पण बहिणीनं मान हलवली. “कशाला? पाणी कुठून येतं ते मला ठाऊक आहे.” ती निघून गेली. भाऊही तिच्यामागे गेला, आणि जाताना खिडकी सरकवायला विसरला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कुणी माझ्या झाकणाला हात लावला की माझा जीव जायचा. मावशी मला पुसताना “गुणाचा गं माझा” म्हणायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक महिना गेला. बहिणीनं सगळं पीक दोरांवरून ओरबाडून खड्ड्यात पुरल्याचं मॅडम कुणाला तरी सांगत होत्या. तरीही मी आवळूनच होतो. भित्रा! दुसरा शब्द नाही.

मग एका दुपारी, त्या महिन्यात पहिल्यांदाच, आणखी कुणाचं तरी शेवाळ आलं. कुणातरी बाईचंच असणार, तिलाही कुणी भाऊ असणार. मला ते सहन झालं नाही. मी झाकण सैल सोडलं. हिरवं पाणी टेबलभर झालं, मॅडमच्या वहीवर गेलं.

“अगं बाई!” मावशी धावल्या. त्यांनी रबर काढलं, बोटानं चाचपलं, नखानं चीर उघडली आणि नाकाशी नेली. “मॅडम, शेवाळ वाटताय ना? मग याला कोळंबीचा वास कसा?”

मॅडमचा चेहरा पडला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्यांनी रबर धुतलेलं पाणी तपासलं, औषध निघालं. फ्रीजरमधली पुडी काढली, नव्या भांड्यात वाटली. त्यात काहीच नव्हतं. त्यांनी त्या बहिणीला बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, “चूक आमची आहे. मी नियम मोडला. तुमचं शेवाळ स्वच्छ होतं.”

मला वाटलं ती ओरडेल. ती बाकावर बसली.

“पीक पुन्हा येईल हो,” ती म्हणाली. “पण दादानं तळं बुजवलं. म्हणाला, कसं झालं मला कळत नाही, पण माझ्या पाण्यानं तुझं पीक गेलं असेल तर मला ते तळंच नको. मी समोर उभी होते. एका शब्दानं अडवलं नाही मी त्याला.”

मॅडमनी सुधारलेला अहवाल दिला. तिनं विचारलं, “ते रबर मिळेल का? फोनवर सांगण्यासारखं नाही हे. दादाला समोर जाऊन दाखवते.” मावशींनी ते पिशवीत घालून दिलं.

मला भंगारात टाकलं नाही, मित्रांनो. नवं रबर घातलं, एवढंच. ज्याला घाबरून मी गप्प बसलो होतो, ते पाच मिनिटांचं काम निघालं. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्यात काही चिरलं असेल तर लहान असतानाच दाखवा. आणि कुणी आपण होऊन गळलं, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला फेकू नका. नाहीतर बाकीचे सगळे माझ्यासारखे आवळून धरायला शिकतात.

मावशींची बस त्या खाडीवरून जाते. काल त्या सांगत होत्या, तळं पुन्हा खणायला घेतलंय. भाऊ खणतो, बहीण घमेली वाहते. फारसं बोलत नाहीत, पण डबा एकच असतो. मॅडमना बरं वाटलं, त्या हसल्या. मलाही बरं वाटलं. पण ते तळं बुजवावंच लागलं नसतं, हे मला माहीत आहे, आणि मी रोज त्याच टेबलावर बसून आहे.