लेकराची गाठ वेगळी

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मनकर्णाच्या घरातलं लेकरू रडत नाही, असा तिचा गावभर लौकिक होता. दुसऱ्यांची पोरं भोकाड पसरून गल्ली डोक्यावर घ्यायची आणि मनकर्णाच्या घरी पाहावं तर सगळं शांत. बाया विचारायच्या, काय करता हो तुमी? मनकर्णा नुसती हसायची. सांगण्यासारखं त्यात होतं काय? कोनाड्यात एक पितळेची डबी होती आणि डबीत अफू होती. सकाळी मोहरीएवढी गोळी मधात उगाळून लेकराच्या जिभेला लावली की आई बिनघोर वावरात जायला मोकळी. अर्ध्या गावात हेच चालायचं, मनकर्णाचा हात फक्त जास्त सराईत होता.

आणि अशा घरात, वावरात पहिल्या बोंडांची म्हणजे सीतादहीची पूजा होऊन वेचणीला हात लागायच्या आदल्या दिवशी, तिची सून वच्छला उभी राहिली आणि म्हणाली, चंद्रभानले गोळी द्याची नाही.

चंद्रभान म्हणजे पाच महिन्यांचं पोर. नाव केवढं आणि जीव केवढा! वच्छलेनं सासूपुढे तोंड उघडल्याची ती पहिलीच वेळ. पण तिनं गेल्या साली शेजारच्या आशाबाईंची शालू पाहिली होती. वेचणीभर ती पोरगी झोपून होती. वेचणी संपली, गोळी बंद झाली, तरी पोरगी कुणाच्या तोंडाकडे बघेना, हसेना, अंगाला मास लागेना. वच्छला तेव्हा पोटुशी होती. शालूला मांडीवर घेऊन तिनं मनाशी पक्कं केलं होतं की माझ्या लेकराचं असं होऊ द्यायचं नाही.

पण ठरवणं सोपं आणि निभावणं कठीण. त्या साली सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि सगळ्या दुनियेला आपल्या वऱ्हाडाच्या कापसाची आठवण झाली होती. लढाई कुणाची कुणाशी, हे गावात एकालाही धड सांगता येत नव्हतं. अमरावतीच्या पेठेत गाडी पोचायचा अवकाश, कापूस हातोहात जायचा. मग घरी बसायला कोण तयार? लंगडे-पांगळे सोडले तर सारं गाव वावरात. लेकरू सांभाळायला माणूस नाही. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधावी, तर यांचं वावर एवढं लांब की तासाच्या, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीच्या, शेवटी पोचेपर्यंत झोळी दिसेनाशी व्हायची, वरून मुंगळ्यांचं भय. म्हणजे लेकरू अंगावर बांधूनच वेचायचं, दुसरा उपाय नाही.

मनकर्णानं तिला दोन दिवस दिले. दोन दिवसांत जमलं तर जमलं, नाही तर तिसऱ्या दिवशी गोळी. तिनं एवढंच सांगितलं आणि चुलीकडे वळली.

पहिल्या दिवशी वच्छलेनं काय केलं, तर ओटीसारखीच गाठ मारली. आता ती तरी काय करणार? वऱ्हाडातल्या बाईचे हात दुसरी गाठ ओळखतच नाहीत. सात वर्षांची होते तेव्हापासून ती कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरते, बोंडातला कापूस काढते आणि ओटीत टाकते. झोपेत सांगितलं तरी तिचे हात ओटी बांधतील. वच्छलेनं नव्या लुगड्याचं धडुतं खांद्यावरून घेतलं, कमरेशी ओटीचीच गाठ मारली आणि पोटाशी पोर ठेवलं. घरून निघताना पोर छातीशी होतं. दोन ओळी वेचल्या तोवर ते बेंबीवर आलं. दुपारी पाहते तर मांड्यांवर लोंबकळतंय, एक पाय बाहेर, धडुतं कानाशी गोळा झालेलं. एका हातानं पोर धरायचं आणि एका हातानं वेचायचं. संध्याकाळी तिचा कापूस नेहमीच्या अर्धासुद्धा भरला नाही. पाठीचा तर पार बोऱ्या वाजला होता. मनकर्णानं कापसाकडे पाहिलं, सुनेच्या पाठीकडे पाहिलं, आणि ओटी रिकामी करून घेतली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं, असं वच्छलेला वाटलं.

त्याच संध्याकाळी तिचा नवरा पुंजाराम गेल्या सालचा राखलेला कापूस विकून अमरावतीहून गाडी रिकामी करून आला. पुंजाराम मनाचा मोठा चांगला माणूस, पण त्या साली वऱ्हाडातल्या सगळ्याच चांगल्या माणसांचं डोकं कापसाच्या पैशानं जरा ठिकाणावर नव्हतं. बैलांच्या शिंगांना त्यानं आधीच चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. निघताना बायकोची अडचण कानावर आली होती, म्हणून आता तो पेठेतल्या शिंप्याकडून लेकरासाठी झोळी शिवून घेऊन आला. लाल मखमलीची! खाली आकार राहावा म्हणून जाड पुठ्ठा, वर जरीचे गोंडे, आणि काठाला चांदीचे घुंगरू. शेजारपाजार जमा झाला. पुंजारामनं ती झोळी स्वतःच्या गळ्यात अडकवून अंगणभर फिरून दाखवली. वच्छलेला हसू आवरेना, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. नवऱ्यानं पेठेत शिंप्यासमोर बसून लेकराचं माप हातांनी दाखवलं असेल, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिचा जीव भरून आला.

दुसऱ्या दिवशी झोळी घालून ती वावरात गेली. घुंगरू वाजत होते, बाया चेष्टा करत होत्या, आणि चंद्रभान अगदी गुपचूप होता. झोळी ओघळत नव्हती. दोन्ही हात मोकळे. वच्छलेनं भराभर वेचायला सुरुवात केली. पलीकडच्या तासातून मनकर्णासुद्धा एकदा म्हणाली की पोरगं शहाणं दिसून राहिलं आज.

तेच वच्छलेला खटकलं. शहाणं काहून? सकाळपासून याचा हूं नाही की चूं नाही. तिनं झोळीचा काठ बोटानं बाजूला सारला. आत मखमलीत पोर गोळा होऊन तळाशी बसलं होतं, गुडघे पोटाशी, आणि हनुवटी छातीत रुतलेली. अंग घामानं चिंब. नाकातून बारीक घरघर येत होती आणि ओठ जांभळट दिसत होते.

तिनं झोळी तिथंच फेकली. घुंगरू खळ्‌कन पऱ्हाटीत पडले. पोराला खांद्यावर उताणं-पालथं करून तिनं पाठ चोळली, तोंडावर फुंकर घातली, आणि मग चंद्रभाननं असा टाहो फोडला की चार वावरांतल्या बाया वळून पाहायला लागल्या. वच्छलेला त्या रडण्याचा एवढा आनंद झाला की ती स्वतःच रडायला लागली.

मनकर्णा मात्र हातातला कापूस टाकून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसली होती. वच्छलेला वाटलं, आता ही म्हणणार, उद्यापासून गोळी. पण तिनं फक्त पोराकडे बोट केलं आणि विचारलं, "श्वास घेऊन राहिला ना?"

घेऊन राहिला होता, चांगला जोरात. तरी वच्छलेला ठाऊक होतं की दोन दिवस संपले.

संध्याकाळी झोळी अन् धडुतं काखेत मारून ती पोराला घेऊन देवळामागच्या कडुनिंबाखाली गेली. तिथं दर साली वेचणीच्या दिवसांत अकोल्याचा गयासुद्दीन पिंजारी मुक्काम ठोकायचा, गावाच्या गाद्या-रजया भरून द्यायचा. तो धनुकलीनं कापूस पिंजायचा आणि त्याची बायको हलीमाबी रजयांना टाके घालायची. हलीमाबीनं सहा लेकरं वाढवली होती, आणि तीही एका जागी बसून नाही, अकोला ते अमरावती पायी फिरता फिरता. गाडीवर सामान, अंगावर लेकरू, आणि हातात काम. वच्छलेनं तिच्यापुढे सगळं ओतलं.

हलीमाबीनं आधी मखमली झोळी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि सुईसकट हात कपाळाला लावून हसली. म्हणाली, ही बैलाच्या पाठीवर टाक, बैल खुश होईल. मग तिनं वच्छलेला पहिल्या दिवशी बांधलं तसंच धडुतं बांधून दाखवायला सांगितलं. वच्छलेनं बांधलं. हलीमाबीचं हसू थांबलं.

"हे तं ओटी बांधली तू," ती म्हणाली. "देख बेटी, ओटी भरली की खाली उतरते. तिनं उतरलंच पायजे, म्हणून तिची गाठ तशी. लेकराले उतरू द्याचं नाही. लेकराची गाठ वेगळी."

आणि मग तिनं ती वेगळी गाठ दाखवली. पोर पोटावर नाही, डाव्या कुशीवर, आणि चांगलं उंच. कापड बुडाखालून एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पसरायचं, म्हणजे पोर त्यात बसतं, लटकत नाही. बेडकासारखे पाय फाकलेले, गुडघे बुडापेक्षा वर. पाठीवरून कापड ताणून घ्यायचं, उजव्या खांद्यावर सबंध पसरायचं, पुन्हा कमरेला वळसा द्यायचा, मगच गाठ. तोंड उघडं, नाकावर कापडाचा धागासुद्धा नको. आणि ओटी? ती उजव्या बाजूला सरकवायची, दोघांचं वजन दोहीकडे.

"अन् आता मान झुकव," हलीमाबी म्हणाली. "ओठ टेकले का त्याच्या डोक्याले?"

वच्छलेनं मान झुकवली. टेकले.

"बस. टेकत नसले तं खाली बांधलं. त्याची हनुवटी छातीले लागली तं चुकीचं बांधलं. लक्षात ठेव, गप्प हाय म्हणून बेफिकीर राहू नको."

सगळं समजलं, पण एक घोळ उरलाच. हलीमाबीनं दाखवलं ते तिच्या स्वतःच्या ओढणीवर, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. वच्छलेकडे असं कापड नव्हतं. त्या साली गावातल्या सगळ्या बायांनी जुनी लुगडी भांडेवाल्यांना देऊन पितळी गंज अन् घागरी घेतल्या होत्या. जुनं कोण वापरतं आता? आणि नवी लुगडी खळीनं कडक, अंगाला धरत नव्हती, गाठ मारली की आपोआप सुटायची. घरी येऊन वच्छलेनं पेटी उपसली, एकही कामाचं निघालं नाही. ती तशीच पेटीपुढे बसून राहिली. समोर कोनाड्यात डबी होती.

मनकर्णा आत आली. सुनेकडे न बघता तिनं आपली जुनी पेटी उघडली आणि तळातून एक लुगडं काढलं. रंग ओळखू येऊ नये इतकं जुनं, हातमागाचं, हाताला लोण्यासारखं लागणारं. तिनं ते वच्छलेच्या मांडीवर ठेवलं. सारं गाव लुगडी विकत होतं तेव्हा हिनं हे काहून ठेवलं, वच्छलेला कळेना. तिनं घडी उलगडली. एका बाजूचा पदर नव्हता. कापून घेतलेला होता.

"हातभर कमी हाय," मनकर्णा म्हणाली. "पुरंल पण."

मग ती उंबऱ्यावर बसली आणि बाहेर अंगणाकडे तोंड करून बोलली. "पुंजारामच्या आधी एक पोरगी होती मले. गंगा. सकाळी गोळी देऊन गेली, वेचा आटपून आली, पाह्यलं तं गुपचूप निजली होती. हनुवटी छातीत, आजच्यासारखी. मले वाटलं, किती शहाणी पोरगी माही. तो पदर तिच्यासंगं गेला."

वच्छलेनं विचारलं ते विचारायला नको होतं, पण तिला राहवलं नाही. "मग आत्याबाई, त्यानंतर ह्यायले, तुमच्या लेकाले, कशी दिली तुमी गोळी?"

मनकर्णानं उंबऱ्यावरचा कचरा हातानं बाजूला सारला. "नसती दिली," ती म्हणाली, "तं मंग गंगा गोळीनंच गेली हे मानावं लागलं असतं ना."

वच्छला उठली आणि सासूजवळ जाऊन बसली. तिला सासूचा राग यायला हवा होता, आला नाही. तिला नुसती तिची माया आली. दोघी बसल्या असताना चंद्रभान मधे पालथा पडून लुगड्याचा काठ तोंडात घालत होता आणि त्याला कुणी अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी उगाळली गेली नाही. वच्छलेनं जुन्या लुगड्यात, नव्या गाठीनं लेकरू बांधलं आणि दुपारपर्यंत वेचलं. लुगडं तसूभर हललं नाही. चंद्रभान कधी झोपला, कधी जागा होऊन आईच्या कानातल्याशी खेळला, एकदा भूक लागली म्हणून चांगला ओरडला आणि धुऱ्यावर बसून प्यायला. पुंजारामनं मखमली झोळी खरोखरच बैलाच्या पाठीवर टाकली. बैल घुंगरू वाजवत अमरावतीला जाऊन आला.

भाकरी खाऊन उठताना मनकर्णानं पदर खोचला आणि म्हणाली, "मले बांध आता. तुही पाठ दुखत असंल."

वच्छलेनं बांधलं. कापड गुडघ्यांपासून गुडघ्यांपर्यंत, उंच, ताणून. आणि हलीमाबीनं सांगितलं तसं सांगितलं की आत्याबाई, मान झुकवून पाहा, ओठ टेकतात का. मनकर्णानं आजवर चारचौघांत कोणत्याच लेकराचा मुका घेतलेला कुणी पाहिला नव्हता. तिनं इकडंतिकडं बघितलं, मान झुकवली, आणि चंद्रभानच्या डोक्यावर ओठ टेकवले. टेकले म्हणाली.

मग ती पऱ्हाटीत शिरली. वच्छला पलीकडच्या तासात वेचता वेचता तिच्याकडे बघत होती. हलीमाबीनं ती तपासणी बांधताना एकदाच करायला सांगितली होती. मनकर्णा मात्र दर चार झाडांमागे थांबत होती, मान झुकवत होती, आणि लेकरू बरोबर बांधलं आहे की नाही ते पुन्हा एकदा पाहून घेत होती.