फक्त पावसात बंद पडणारी

मित्रांनो, मी एक म्हातारी मोटार. माझा डावा दरवाजा आता आतूनच उघडतो आणि टपावरचा रंग केव्हाच उडाला आहे. कारखान्यातले फारसे आठवत नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा एक कामगार कान देऊन म्हणाला होता, "झकास!" तेवढे मात्र लक्षात आहे.

माझी मालकीण नर्स होती. घरोघरी जाऊन बाळंतपणे करणे हे तिचे काम. सगळे तिला सिस्टर म्हणत. "ही आहे म्हणून माझं चाललंय," असे ती शेजारणीला सांगायची.

पुढे मला एक खोड लागली. हवा कोरडी असली की मी सुतासारखी सरळ. पाऊस लागला, की दहा मिनिटांत इंजिन ठसकायचे, आचके द्यायचे आणि बंद पडायचे. अर्ध्या तासात इंजिनाच्या उष्णतेने आतली ओल सुकायची आणि मी पुन्हा ठणठणीत. मेकॅनिक यायचा तो नेमका तेव्हा. त्याने पेट्रोलचा पंप बदलला, कार्बोरेटर धुतला आणि हात झटकले.

सिस्टरचा थोरला भाऊ म्हणाला, "गाडी चांगली आहे गं. पावसात तूच घाबरतेस."

एका दुपारी भर पावसात मी चढावर बंद पडले. पुढच्या वस्तीत एक बाई अडली होती. सिस्टर पिशवी छातीशी धरून धावत गेली. ती पोचली तेव्हा मूल जन्मले होते, पण गळ्याभोवती नाळ, अंग निळे. तिने ते मूल रडते केले. परत आल्यावर मात्र माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून ती म्हणाली, "अजून जरा उशीर झाला असता तर?" दुसऱ्या दिवशी तिने फिरतीचे काम सोडण्याचा अर्ज दिला. मला विकायचेही ठरले.

विकण्याआधी दाखवून घ्यावे म्हणून दोघा बहीणभावांनी मला एका गॅरेजात नेले. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत.

"पावसात बंद पडते," सिस्टर हळूच म्हणाली. भाऊ हसला. मावशी हसल्या नाहीत.

"पाऊस लागल्या लागल्या की थोड्या वेळाने? आणि नंतर आपोआप चालू होते?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारले नव्हते. सिस्टरने सगळे सांगितले.

"आज ऊन आहे," मावशी म्हणाल्या. "मग पाऊस आपणच पाडू."

ठिणगी दिसावी म्हणून त्यांनी धुरापुरती फट ठेवून शटर ओढले, बॉनेट उघडले आणि इंजिन सुरू केले. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन त्या वायरींवर बारीक फवारा मारू लागल्या. काही झाले नाही. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर फवारा मारला. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून दिली जाते ती तिथूनच. झाकणावर निळी रेघ तडतडली आणि मी ठसकू लागले.

इंजिन बंद करून मावशींनी झाकण काढले, पुसले आणि टॉर्चच्या उजेडात धरले. केसाएवढी भेग होती. "ओल आली की ठिणगी इथून पळते. प्लगपर्यंत पोचतच नाही."

भाऊ वाकून पाहत राहिला. "म्हणजे ही म्हणत होती ते खरं होतं."

"मला काय सांगता? तिला सांगा."

"चुकलो गं," तो म्हणाला.

"तीन महिने सांगतेय, दादा." एवढेच बोलून सिस्टरने तोंड फिरवले.

झाकण बदलले, वायरीही बदलल्या. अख्खी बाटली रिकामी केली तरी माझा आवाज हलला नाही. तरीही सिस्टरने अर्ज लगेच मागे घेतला नाही. पुढच्या पावसात ती मला घेऊन मुद्दाम त्याच चढावर गेली. वर पोचल्यावर तिने इंजिन बंद केले, पुन्हा चालू केले, आणि मगच अर्ज मागे घेतला. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही पावसात हिंडलो.

मित्रांनो, आमची निगा राखा, वर्षातून एकदा तरी झाकणे उघडून पाहा. आणि कोणी म्हणाले, "हे फक्त पावसातच होतं," तर कोरड्या दिवशी पाहून त्याला खोटे ठरवू नका. थोडे पाणी शिंपडून बघा.