उजव्या हाताचा कौल

क्रांतीला सासूपायी झालेला फायदा मोजायचा झाला, तर तो दुपारच्या एका झोपेएवढा. एवढ्याशा झोपेचं काय, असं कुणी म्हणेल. रात्री-अपरात्री उठून कड्या काढणारी सासू ज्याच्या घरात आहे, त्यानंच त्या झोपेचा भाव करावा. बाकीच्यांनी गप्प बसावं.

सासूच्या, धोंडुबाईंच्या, डोक्यातली सगळी नावं पुसली गेली होती. तरी क्रांतीनं घास पुढं केला की विचारायच्या, "पोरी, जेवलीस?" तेवढं शिल्लक होतं. हल्ली अंगाला हिसकेही यायचे. बसल्या जागी उजवा हात फाडकन उडायचा आणि चहाचा कप भिंतीवर. राजारामपुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्या विसरण्याच्या आजाराचंच आहे हे. गोळी चुकवू नका, मोठी फिट येईल."

शेजारच्या चिमणाबाईंना मात्र त्यात देव दिसला. "आक्का, माझ्या लेकीचं जमंल काय?" असं त्यांनी विचारायला आणि हात उडायला एकच गाठ पडली. देवळात फूल उजवीकडं पडावं, तसा होकार! "उजवा कौल दिला की गं!" पुढं लेकीचं जमलंही. झालं, बावड्यातल्या निम्म्या गल्लीला अडचणी आठवल्या. उंबऱ्यावरूनच "कशी हाय सासू?" म्हणून सटकणाऱ्या बाया आता दुपारभर बसू लागल्या. म्हातारीला भरवायच्या, तोंड पुसायच्या. आत क्रांती मेल्यासारखी झोपायची.

गोळी वेळेवर दिली की हात निवांत, आणि हात निवांत तर बाया आपापल्या घरी. दुपारची गोळी क्रांतीनं आधी तिन्हीसांजेवर ढकलली, मग डबीतच राहू दिली.

"आक्का, पोराला नोकरी लागंल न्हवं?" चिमणाबाईंनी विचारलं, आणि धोंडुबाईंचे दोन्ही हात ताठले. डोळे फिरले, सगळं अंग धडधडू लागलं.

"लई मोठा कौल हाय ह्यो!"

"कौल कुठला! चप्पल हुंगवा! दातात चमचा घाला!" दुसरी बाई ओरडली.

क्रांती धावत आली. "तोंडात काय घालू नका, मावशी! सरका, फिट हाय ती!" तिनं सासूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सरकवली आणि घड्याळाकडं बघत राहिली. काटा हलेना. अंग शांत झालं, तेव्हा खोलीत एकही बाई उरली नव्हती.

"गोळी चुकली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. मीच न्हाय दिली."

आता गोळी वेळेवर असते. त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर क्रांतीनं घास पुढं केला. तोंड उघडलं, घास गेला. ती हात तसाच धरून "पोरी, जेवलीस?"ची वाट बघत थांबली. मग आपणच म्हणाली, "जेवले की, आत्ती."

कौल गल्लीनं घेतला, झोप क्रांतीनं घेतली. दाम धोंडुबाईंनी भरला, त्यांच्याजवळच्या शेवटच्या दोन शब्दांत.