समुपदेशन दिन

शिवांजलीने खुर्ची तिसऱ्यांदा सरकवली. उचलून ठेवता आली असती, पण तिने ती फरशीवरून खरडत नेली आणि आवाज होऊ दिला.

“अजून थोडी डावीकडे,” वीरधवल सर दारातून म्हणाले. “मागचा बोर्ड पूर्ण यायला हवा. विद्यापीठाचं नाव कापलं जातंय.”

सर रसायनशास्त्राचे. पण पुढच्या आठवड्यात मूल्यांकन समिती येणार म्हणून सगळ्या विभागांच्या फायली गोळा करण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि दोन महिन्यांत त्यांनी प्रयोगशाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा टिश्यू पेपरचा डबा उचलून पुढे ठेवला, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा येऊन दोन बोटं सरकवला.

“हा दिसू दे. ह्याने कसं, बघितल्याबरोबर समुपदेशन वाटतं.”

शिवांजली इथली समुपदेशक, कंत्राटावरची. काल पाऊण तास बोलून झालं होतं. आपल्याकडे कोण येतं ते आपण कुणाला सांगत नाही, म्हणून आपल्या रजिस्टरला नुसते आकडे आहेत, हे तिने तीन प्रकारे सांगून पाहिलं होतं. सरांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि शेवटी म्हणाले होते, “सगळं पटतंय मॅडम. पण फोटो नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरतात.” फोटोही साधा चालत नव्हता. खाली नकाशा, तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश छापून येणारा जिओटॅग फोटो हवा होता. त्यावर सरांनीच तोडगा काढला होता. एनएसएसची वीस पोरं आणायची, एकेकाला खुर्चीत बसवायचं, वीस फोटो काढायचे आणि सगळ्यांवर एकच तारीख आली तरी बिघडत नाही, कारण त्या दिवसाला ‘समुपदेशन दिन’ म्हणायचं. शिवांजलीला एवढंच मिळवता आलं होतं की पोरांची पाठ कॅमेऱ्याकडे असेल.

“अर्जुना, कर सुरू,” म्हणत सर पुढच्या विभागाकडे निघून गेले.

अर्जुनामामा मोबाईल दोन्ही हातांत धरून दाराशी उभे होते. विभागाचे शिपाई, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. शिवांजलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दहा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी त्यांनीच खिडकीतून फोटो काढला होता. खराखुरा. आत दीक्षा बसली होती, औंधजवळच्या गावची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. तिची ती चौथी खेप. पहिल्या वेळी अर्धा तास ती बॅगेचा बंद नुसता गुंडाळत आणि सोडत बसली होती. तिसऱ्या खेपेला म्हणाली होती की, सकाळी जाग आली की कशाला आली असं वाटतं. तेव्हापासून दोघींचं ठरलं होतं, काहीही झालं तरी बुधवारपर्यंत थांबायचं आणि बुधवारी यायचं. दीक्षाची अट एकच होती, कुणाला कळता कामा नये. चुलत्याची मुलगी पूजा त्याच हॉस्टेलवर होती. तिच्याकडून घरी गेलं तर घरचे येऊन घेऊन जातील, विश्रांती घे म्हणतील, आणि मग शिकणं संपलंच.

अर्जुनामामांनी तो फोटो विद्यार्थी कल्याणच्या ग्रुपवर टाकला. चारशे जणांचा ग्रुप. फोटोत दीक्षाचा चेहरा स्वच्छ, खाली नकाशा आणि अकरा वाजून वीस मिनिटं, आणि वर मामांनी लिहिलेलं, ‘समुपदेशन करताना आमच्या मॅडम’. शेवटी दोन गुलाबाची फुलं.

“तुमची फाईल रिकामी हाय म्हणून सर लय बोलत हुतं,” मामा तेव्हा म्हणाले होते. “मला वाटलं, तेवढीच भर. लायब्ररीतल्या क्लार्ककडनं शिकून घेतलं मी, मॅडम.”

फोटो तासाभरात काढून टाकला, पण तासाभरात हॉस्टेलभर झालं होतं. परवाच्या बुधवारी अकरा ते एक शिवांजली रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. दीक्षाचा फोन बंद. संध्याकाळी ती हॉस्टेलवर गेली तर दीक्षा दारातच उभी राहिली. मागे टेबलावर दुपारचं मेसचं ताट तसंच झाकलेलं होतं.

“मी बरीय, मॅडम. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की सगळ्या बघतात.”

रेक्टरबाईंना लक्ष ठेवायला सांगून शिवांजली परतली होती. तिला संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. सरांना फाईल हवी होती, मामांना तिची नोकरी टिकायला हवी होती, आणि सगळ्यांनी मिळून तिच्याकडे येणारी पोरगी घालवली होती.

“आलं लोकेशन,” मामा म्हणाले. खोली मैदानाला लागून असल्यामुळे मोबाईल धरला की लगेच यायचं. “या, पयला कोण?”

पहिला शिवतेज होता, हसत आला. “काय बोलू, मॅडम?”

“काही नको. नुसता बस.”

“डोळे पुसल्यासारखं करू का?”

“पाठीमागून दिसत नाही ते.”

“खांदे हलवतो की.”

बाहेर हशा पिकला. फोटो निघाला, तो उठला, दुसरी बसली. कुणी मोबाईल बघत बसलं, कुणी पुढच्याची जर्किन घालून आलं. एकीने बसल्या बसल्या विचारलं की, याचं प्रमाणपत्र मिळणार का. शिवांजली प्रत्येकाकडे आस्थेने बघत होती, कारण तिचा चेहरा फोटोत येत होता. सहा-सात फोटो झाल्यावर तिचे गाल दुखायला लागले. एवढ्या वेळात एखादा खरा कुणी दारात येऊन परत गेला असेल तर, हे तिच्या मनातून जाईना.

दहावा उठला आणि बाहेरचा गलका अचानक बदलला.

“अगं, तू कशाला? तुझा तर झालाय की आधीच.”

“हिला रोजचंच आहे ते.”

दारात दीक्षा उभी होती. ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, ओठ सुकलेले. ती एनएसएसमध्ये नव्हती. शिवांजली अर्धवट उठली आणि तशीच थांबली, कारण नावाने हाक मारली तरी चुकलं असतं आणि न मारली तरी.

“तो पण असलाच होता,” दीक्षा मागे वळून म्हणाली. आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. “तेव्हा सॅम्पल काढत होते. मी इथनं जात होते, मला बसवलं.”

“सॅम्पल?” रांगेतल्या एका मुलीने विचारलं. “मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

दीक्षाने ओढणी आणखी आवळली. ती शिवांजलीकडेही बघेना.

“मीच बसवलं हुतं तिला,” अर्जुनामामा म्हणाले. “ट्रायलला. मला कुठं यत हुतं फोटू काढाय? आन चुकून गेला तो ग्रुपवर. सर काय म्हंत्याल म्हणून पोरीला मीच म्हणलं, बोलू नगंस.”

“मामा, भारी आहात तुम्ही. आणि आम्ही हिला काय काय बोललो,” ती मुलगी म्हणाली. एक-दोघी हसल्या, पण आता मामांकडे बघून.

“व्हय, मग. आता व्हा बाजूला. हिचा नीट काढू दे एक.”

दीक्षा आत आली आणि खुर्चीत बसली. मामांनी मोबाईल वर धरला, डोळे बारीक केले, मान हलवली.

“लोकेशन येईना झालंय,” ते रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “मैदानात जाऊन बघतो. कुणी आत जाऊ नगा, सरांनी जशी मांडलीया तशी ऱ्हाऊ द्या खोली.”

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

शिवांजली परत खुर्चीत टेकली. असल्या वेळी काय विचारायचं ते तिला शिकवलेलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना. दीक्षाने बॅग मांडीवर घेतली. बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“बुधवारी यायचं होतं,” ती म्हणाली.

“आज शुक्रवार आहे. चालतंय.”

“दोन दिवस कसे गेले ते सांगू का?”

“सांग.”

बाहेरून वीरधवल सरांचा आवाज आला. रांग का थांबली, अजून दहा राहिलेत, साडेबाराला छपाईला द्यायचंय. शिवांजलीचे खांदे ताठ झाले. दीक्षा दाराकडे बघू लागली.

“लोकेशन घीना झालंय, सर,” मामांचा आवाज आला.

“मगाशी तर येत होतं.”

“मगाशी यत हुतं.”

“वर धर. अजून वर. तिकडं त्या झाडाच्या पलीकडं जाऊन बघ.”

“तुमीबी या की सर जरा, मला त्यातलं काय कळतंय?”

खिडकीतून मैदान दिसत होतं. अर्जुनामामा हात उंच करून भर उन्हात उभे होते, आणि त्यांच्या शेजारी सर कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत होते. खुर्चीतून उठून शिवांजलीने पडदा ओढला. ती परत येऊन बसली तेव्हा दीक्षाने टिश्यूचा डबा स्वतःकडे ओढून घेतला होता.