कोऱ्या गाठी

गाठी अजून कोऱ्याच होत्या. जगदेवानं दोर बोटांतून पुन्हा एकदा सरकवला – हाताहातावर एक गाठ, सात वर्षांपूर्वी दोर दादाला धाडण्याआधी नागपूरच्या खोलीत बसून त्यानं स्वतः मारलेली – आणि कुठं मातीचा कण नाही, कुसळ नाही, भुसा नाही. एक्केचाळीस राशींभोवती फिरलेला दोर इतका स्वच्छ? दादाच्या खळ्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी सदरा पिवळा होतो. धुतला असेल... पण दोर कोण धुतं?

खळ्याभोवती माणसं जमत होती. अनसिंगची तर होतीच, केनवडहूनही गाडी भरून आली होती, दोरानं ज्वारी मोजणारा मास्तर पाहायला. हेच तर त्याचं आयुष्य झालं होतं – कॉलेजात शिकवायचं, आणि सुटी लागली की गावोगावच्या बाजारात उभं राहून सांगायचं, की गणित म्हणजे भूत नाही बाप्पांनो, ते तुमच्या खळ्यातच बसलंय. ज्वारी ओतली की ती आपला उतार आपणच ठरवते, म्हणून राशीचा नुसता घेर घ्या, माझ्या तक्त्यात पाहा, पायली न उचलता कळेल किती ज्वारी ते. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली होती. त्या पुस्तकानं त्याला बढती दिली, मान दिला, आणि ते पुस्तक उभं होतं दादानं गावातल्या खळ्यांवरून पोस्टकार्डांवर धाडलेल्या एक्केचाळीस राशींवर : घेर इतका, पायल्या इतक्या.

सगळ्या जुळल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या! कॉलेजातला दौलतसिंग एकदा म्हणाला होता, "तुझा भाऊ देवमाणूस दिसतो, त्याची एक पायली इकडची तिकडे होत नाही." जळतोय लेकाचा, असं वाटून जगदेव चार दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. संशय त्याच्या अंगातच होता – दूधवाल्यावर, पोस्टमनवर, पेपर तपासणाऱ्यांवर... त्या पोस्टकार्डांवर मात्र कधी आला नाही. का नाही आला?

"दादा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हा दोर वापरला का तू कधी?"

मारोतराव राशीच्या पायथ्याशी उदबत्ती खोचत होता. "दोर? कायले?"

"घेर मोजायले."

"राशीले दोरानं बांधतेत काय रे? दोरानं मढं बांधतेत." मारोतरावानं राशीला हात जोडले. "लक्षुमी हाय ते. बरकत जाते."

"मंग ते आकडे?"

"दोरासंगं तकता धाडला होता ना तू. पायल्या मोजून झाल्या का तकत्यात पाहाचं, समोर जो घेर असन तो लिवून टाकाचा." आता त्यानं मान वर केली, आणि त्याचा चेहरा कौतुकानं उजळला होता. "एक बी चुकला नाई ना? तुह्यं काम झालं, राशीचा मान बी राह्यला."

राग यायला हवा होता. आलाच नाही. म्हणजे सात वर्षं माझंच उत्तर मला पोस्टानं परत येत होतं... आणि मी ते उघडून खूश होत होतो, चौकटीत छापत होतो! कॉलेजच्या अंगणात वाळूवर केलेले चार टीचभर ढीग, एवढंच काय ते खरं. बाजारात लोक टाळ्या वाजवायचे. पण त्यांतल्या एकानं तरी घरी जाऊन राशीला दोर लावला असेल? मी कधी विचारलं का कुणाला? अरे, सात वर्षांत मी एकदा तरी मापाच्या वेळी या खळ्यावर का आलो नाही? सवड नव्हती, असं मी सांगत होतो. सवड होती रे. भ्यालो असेन मी... दौलतसिंगाच्या त्या एका वाक्यापासूनच भ्यालो असेन.

"आज मात्र टाक तू दोर," मारोतराव कानाशी येऊन म्हणाला. "मानसं जमली, तुही लाज जाऊ नये. पन माह्याच राशीवर टाक, दुसऱ्याच्या नको."

गोजरावहिनीनं पदर तोंडाला लावला आणि ती पाठमोरी झाली. वर्षाचं खाणं होतं ते तिच्या घराचं.

जगदेवानं दोर फिरवला. साडेअठरा हात. तक्ता पाठच होता. "दोनशे साठ पायल्या!" तो ओरडला, आणि आपला आवाज त्याला परका वाटला.

मापारी रामधन गुडघ्यांवर बसला. पहिली पायली ओतताना त्यानं रीतीप्रमाणे "लाभ" म्हटलं. खळ्यावर 'एक' कुणी म्हणत नाही. मग दोन, तीन, चार... पायल्या शिगोशीग भरत होता. साठाच्या पुढं गेल्यावर त्यानं दादाकडं पाहिलं. दादानं मान हलवली – की माशी हाकलली? त्यानंतर रामधन तळहातानं काठावरची शीग सपाट करू लागला. का? हात दुखला असेल. की राशीचा अदमास घेऊन दोनशे साठाला पोचवायचं ठरलंय दोघांचं? शीग थोडी वाढवली, थोडी घटवली, की कुठलाही आकडा गाठता येतो. हे दादाला कळत नसेल थोडंच!

केनवडचे लोक पुढं सरकले होते. कुणीतरी टाळीसाठी हात तयारच ठेवले होते. ही माझी पहिली खरी रास, आणि हीसुद्धा माझ्या माणसांच्या हातात... चुकू दे. दहांनी चुकू दे, पन्नासांनी चुकू दे, ती तिसरी आवृत्ती जाऊ दे खड्ड्यात. दादा तिकडं डोळे मिटून पुटपुटत होता, भावासाठी की राशीसाठी, कळत नव्हतं. एकशे चार... एकशे पाच... रामधनाबरोबर जगदेवाचेही ओठ हलत होते, आणि प्रत्येक पायलीला तो मनात एवढंच म्हणत होता, जुळू नको.