जिताड्याची चार वलयं

ट्रेमध्ये सत्तेचाळीस बाटल्या होत्या. प्रत्येकीत एकेका जिताडा माशाच्या डोक्यातले दोन खडे, म्हणजे चौऱ्याण्णव. रुचिराने पुन्हा मोजले. तेवढेच भरले.

खडा कापला की आत वलयं दिसतात. अंधेरीच्या या प्रयोगशाळेशी जोडलेल्या नॉर्वेतल्या विद्यापीठाचा नियम होता : एक वलय, एक वर्ष.

चारकोपच्या बाजारात मासे विकणारी सोनूबाई नवी डोकी घेऊन आली होती. संगणकाच्या पडद्यावर तिनेच मागे आणलेल्या माशाचा खडा होता; तिने तिकडे बोट केलं.

"ह्याचं वय काय लिवलंस, बाय?"

"चार वर्षं. वलयं चार आहेत."

"दोनचा हाय तो. चारचा जिताडा तुझ्या टेबलावर मावल काय?"

"नॉर्वेत असंच मोजतात, मावशी."

"तिकडं जिताडा गावतो?"

रुचिराने तक्ता बंद केला.

विभागप्रमुख नंदकुमार सरांनी रुचिराची शंका ऐकून चष्मा काढला. "शुक्रवारी पाच वर्षांच्या करारावर सह्या आहेत. जानेवारीत तू सहा महिने तिकडे जाणार. आणि आता त्यांना सांगायचं, तुमचा नियम इथे चालत नाही? कोण म्हणतं, तर मासेवाली?"

"कोणाच्या म्हणण्यावर नाही, सर. वय माहीत असलेला एक मासा मोजू."

"आणि त्यांनी करारच गुंडाळला तर?"

"तर माझी जागा जाईल. पण सत्तेचाळीस वयं चुकीची छापून मी तिकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

तिने संध्याकाळी नॉर्वेच्या प्राध्यापिका इंग्रिड यांना शंका लिहून कळवली. उत्तर आलं ते दोन ओळींचं : सह्या थांबवू. एक खडा मला पाठव, वय मात्र सांगू नकोस.

मनोरीला सोनूबाईच्या भावाचं, हरेश्वरचं, तळं होतं. तो नारळी पौर्णिमेला त्यात जिताड्याची पिल्लं सोडायचा. दरवर्षी नाही; मागची सगळी काढून झाल्यावरच नवी. तळ्यात सध्या होती ती पिल्लं सोनूबाईच्या मुलीच्या, कल्पिताच्या, साखरपुड्याच्या दिवशी सोडलेली. आता तिच्या बाळाचं बारसं होतं. सोनूबाईच्या फोनमधल्या फोटोत कल्पिता हिरव्या साडीत तळ्याकाठी उभी होती, हातात बोटभर पिल्लांची बादली. तारीख तीस ऑगस्ट, दोन हजार तेवीस.

हरेश्वरने जाळं ओढलं.

"डोकं तुला," सोनूबाई म्हणाली. "बाकीचा पाव्हण्यांना. आणि तू जेवल्याबिगर जायचं नाय."

रुचिराने डाव्या बाजूचा खडा कुरियरने पाठवला आणि उजवा स्वतः कापला. आकडा कागदावर लिहून तो पाकिटात घातला आणि पाकीट सरांच्या खणात ठेवलं. अकराव्या दिवशी नॉर्वेचा आकडा आला, तेव्हा सरांनी ते स्वतः फोडलं आणि दोन्ही आकडे तक्त्यात भरले.

अंधेरी : चार वलयं. नॉर्वे : चार वलयं. तळ्यातला काळ : दोन वर्षं, दोन महिने.